व्यावसायिक सेट हॅम बँडवर आणताना: महाराष्ट्रातल्या हॅम क्लबांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातले सर्व हॅम रेडिओ क्लब आणि त्यांचे सभासद

मंडळी, सप्रेम नमस्कार.

परीक्षा पास होऊन व्हीयू३चा कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) हाती आला की नवा हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाला, क्लबात येतो आणि पहिला प्रश्न विचारतो: "सर, सेट कोणता घेऊ?" आपल्यापैकी बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. आधी ती स्वस्तातली ड्युअल बँड चिनी हँडी (हातात धरायचा सेट) घे, हात बसू दे, मग मोठ्या रिगचं बघू. हे उत्तर आता बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र.

टू मीटर आणि सेव्हन्टी सेंटिमीटर या आपल्या बँडवर (म्हणजे १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झवर) नव्या हॅमचा पहिला सेट, तसेच क्लबाच्या आपत्कालीन पेटीतला प्रत्येक सेट, हा जुना पण धडधाकट व्यावसायिक सेट असावा. मोटोरोला, केनवुड, आयकॉम या कंपन्यांनी बंदरं, कारखाने, हॉटेलं, पोलिस यांच्यासाठी जे मोबाइल (गाडीत बसवायचे सेट) आणि हँडी बनवले, त्यांच्याबद्दल मी बोलतोय. मात्र असा सेट आपल्या बँडवर आणण्याचं काम कुणी एकट्याने, कुठून तरी सॉफ्टवेअर उतरवून, रात्री घरी बसून उरकू नये. ते क्लबाच्या टेबलावर व्हावं, चारचौघांसमोर, तपासून आणि वहीत नोंदवून. घाईत आणि अर्धवट झालेलं हे काम आपल्या सगळ्यांच्या अंगाशी येऊ शकतं. ते कसं, हे पुढे सविस्तर लिहितो.

आधी हा सेट का, ते सांगतो. सेट घेताना लोक वॅट विचारतात, रिसीव्हरबद्दल कुणी विचारत नाही. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा आहे. अशा मनोऱ्याच्या सावलीत उभं राहून स्वस्त हँडी १४५ मेगाहर्ट्झवर लावून बघा. खालच्या गावातून बोलणारा माणूस मध्येच तुटतो, कधी अजिबात ऐकू येत नाही, आणि सेट मात्र पूर्ण सिग्नल दाखवत असतो. या हँडींमध्ये सगळा रेडिओ एका चिपमध्ये बसवलेला असतो. अँटेना आणि चिप यांच्यामध्ये गाळणी अशी फारशी नसते, त्यामुळे जवळचा कुठलाही दांडगा सिग्नल आत शिरून रिसीव्हरला बहिरं करतो. मुंबईत तर यासाठी गडावर जायचीही गरज नाही, गच्चीवर गेलं तरी पुरे.

व्यावसायिक सेट याच परिस्थितीसाठी बनतो. एका मोबाइल टॉवरखाली, चार वेगवेगळ्या कंपन्यांचे रिपीटर (सिग्नल ऐकून तो पुन्हा जोरात प्रसारित करणारी स्टेशनं) शेजारी चालू असताना, त्याला आपल्या माणसाचा आवाज ऐकायचा असतो. युरोपात अशा ॲनालॉग सेटांना ईएन ३०० ०८६ हे मानक लागू आहे. २५ किलोहर्ट्झच्या चॅनेलला शेजारच्या चॅनेलपासून किमान ७० डेसिबलचं संरक्षण, इंटरमॉड्युलेशनविरुद्ध (दांडग्या सिग्नलांच्या मिश्रणातून उपजणाऱ्या खोट्या सिग्नलांविरुद्ध) मोबाइल सेटला किमान ६५ डेसिबल, आणि ट्रान्समिट करताना १ गिगाहर्ट्झच्या खाली कुठेही भटकणारी शक्ती ०.२५ मायक्रोवॅटपेक्षा जास्त नाही, अशा त्यातल्या अटी आहेत. पंचवीस वॅटचा सेट आणि पाव मायक्रोवॅटची मर्यादा. त्या दोहोंतलं अंतर ८० डेसिबलचं आहे. एवढं स्वच्छ ट्रान्समिशन आपल्या घरगुती प्रयोगांतून क्वचितच निघतं.

आता दुसरी बाजू, स्वस्त हँडीच्या ट्रान्समिशनची. मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट जागी जी शक्ती सांडते तिला हार्मोनिक म्हणतात. १४५ मेगाहर्ट्झचा दुसरा हार्मोनिक २९० वर पडतो. २२५ ते ४०० मेगाहर्ट्झ हा लष्करी विमानांच्या संवादाचा पट्टा आहे. तिसरा हार्मोनिक पडतो ४३५ वर, म्हणजे थेट आपल्याच सेव्हन्टी सेंटिमीटर बँडमध्ये. अमेरिकन रेडिओ रिले लीगच्या प्रयोगशाळेने हॅमफेस्टमध्ये लोकांच्या हातातल्या हँडी घेऊन मोजल्या, तेव्हा स्वस्त सेटांपैकी बरेचसे त्यांच्याकडच्या हार्मोनिकच्या मर्यादेत बसले नाहीत. त्यांची ती मर्यादा व्यावसायिक सेटांच्या मानाने बरीच सैल असते, तरीही. नव्या मुलाच्या हातात पहिलं साधन म्हणून आपण हे देतो आणि वर त्याला परीक्षेसाठी हार्मोनिक का दाबायचे ते शिकवतो.

काही ज्येष्ठ मंडळींचा आक्षेप मला माहीत आहे. व्हीएफओ (हवी ती फ्रिक्वेन्सी लावायची सोय) नाही, डायल फिरवायला नाही, चॅनेल बांधून दिलेले, मग यात हॅमपणा कुठे उरला? त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणतो, आपल्या छंदाचा पायाच असा दुसऱ्याच्या कामाचा सेट आपल्या बँडवर आणण्यात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेले कमांड सेट आणि बीसी-३४८सारखे रिसीव्हर घेऊन जगभरच्या हॅमनी आपली स्टेशनं उभी केली. पुढे क्रिस्टलवर (फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या स्फटिकावर) चालणारे व्हीएचएफ (३० ते ३०० मेगाहर्ट्झचे) सेट क्रिस्टल बदलून, कॉइल पुन्हा जुळवून टू मीटरवर आणले गेले. क्रिस्टलच्या जागी आज प्रोग्रॅमिंग केबल आली, एवढाच काय तो फरक. अमेरिकेत १ जानेवारी २०१३ पासून व्यावसायिक वापरकर्त्यांना अरुंद चॅनेलवर जाणं सक्तीचं झालं, तेव्हा बाद ठरलेले चांगले सेट तिथल्या हॅमकडे मोठ्या संख्येने आले आणि त्यांतले कित्येक रिपीटर म्हणून अजून डोंगरांवर चालू आहेत. तिथला नियमही लक्षात घेण्यासारखा आहे. व्यावसायिक सेवेसाठी मान्यता मिळालेला सेट हॅमने हॅम बँडवर वापरायला तिथे हरकत नाही. उलट, हॅमसाठीचा सेट व्यावसायिक बँडवर वापरायला परवानगी नाही, कारण त्याची तशी चाचणी झालेली नसते.

या सेटाने काय होणार नाही, हेही नव्या हॅमला आधीच सांगावं. एचएफ (दूरवर पोहोचणारा ३ ते ३० मेगाहर्ट्झचा पट्टा) नाही, एसएसबी (दूरच्या संपर्कासाठीची प्रसारणपद्धत) नाही. इस्रोचा हॅमसॅट हा हॅमसाठीचा उपग्रह २००५ ते २०१४ चालू होता. ४३५ मेगाहर्ट्झवर त्याला पाठवायचं आणि १४५ च्या आसपास त्याचं ऐकायचं अशी त्याची रचना असूनही त्याच्या लिनिअर ट्रान्सपाँडरसाठी (एसएसबीसारखे सिग्नल जसेच्या तसे परत पाठवणाऱ्या यंत्रणेसाठी) हे एफएम सेट निरुपयोगी होते. दूरच्या स्टेशनांचा शौक असलेल्याला शेवटी एचएफ रिग घ्यावीच लागेल.

मात्र आपत्तीच्या कामात बांधलेले चॅनेल हे वरदान आहे. किल्लारीचा भूकंप, २००१ चा भुज, २००४ च्या त्सुनामीत अंदमानात आधीच पोहोचलेल्या भारती प्रसाद यांच्या चमूचं काम, या आठवणी आपण प्रत्येक कार्यक्रमात सांगतो. अंदमानातून मुख्य भूमीशी संपर्क झाला तो एचएफवर. पण तहसील कचेरी ते मदत छावणी, छावणी ते बोट, बोट ते रुग्णालय हा शेवटचा टप्पा एचएफ रिगने होत नाही. चिपळूणला २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा वीज गेली आणि मोबाइलही गेले. तशा वेळी स्वयंसेवकाच्या ओल्या हातात असा सेट लागतो, जो पडला तरी चालतो, ज्याचं बटण चुकून दाबलं तरी फ्रिक्वेन्सी हलत नाही, आणि गोंगाटातही ज्याचा आवाज कळतो. व्यावसायिक हँडींची चाचणी धक्के, कंपनं, पाऊस, धूळ यांच्यासाठीच्या लष्करी मानकांनुसार होते. ते वरदान आपण हातचं घालवतोय.

आता कामाच्या गोष्टी. यातली पहिली सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे, म्हणून तिच्यावर थोडा वेळ घेतो.

व्यावसायिक सेट एकाच मॉडेलच्या नावाखाली वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी तुकड्यांत येतो. मोटोरोलाच्या जीएम३३८ या मोबाइलच्या काळातले सेट सोपे, त्यांचा व्हीएचएफ तुकडा १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ आणि यूएचएफ ४०३ ते ४७०. आपले १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ हे दोन्ही बँड त्यात आरामात बसतात. पण त्याआधीच्या जीएम३००च्या पिढीत व्हीएचएफचे दोन तुकडे होते, १३६ ते १६२ आणि १४६ ते १७४. अमेरिकेत टू मीटर बँड १४८ पर्यंत जातो, त्यामुळे तिथल्या लेखांत "वरचा तुकडाही चालतो" असं वाचायला मिळतं. आपला बँड १४६ लाच संपतो. म्हणजे १४६ ते १७४चा सेट आपल्या बँडच्या पूर्ण बाहेर आहे. यूएचएफमध्येही ४३८ ते ४७०चे सेट फिरत असतात, तेही तसेच.

अशा सेटात मर्यादेबाहेरचा आकडा घुसवायच्या युक्त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. शिफ्ट दाबून आकडा टाइप करायचा, नाहीतर हेक्स एडिटरने फाइलमधली मर्यादा बदलायची. सॉफ्टवेअर ऐकतं, सेट ऐकेलच असं नाही. त्याचा व्हीसीओ (फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग) काठावर चालत असतो. संध्याकाळी गारव्यात लॉक होतो आणि मेच्या उन्हात गाडीत तापला की सुटतो. रिसीव्हरचे पुढचे फिल्टर वरच्या तुकड्यासाठी जुळवलेले असल्याने कमकुवत सिग्नल ऐकू येत नाहीत, मग लोक सेटाला नावं ठेवतात. जाणकार माणूस आतली जुळणी बदलून हा सेट खाली आणू शकतो, ते खरं होमब्रूचं, म्हणजे स्वतःच्या हाताने घडवण्याचं, काम आहे आणि करणाऱ्याने जरूर करावं. नवशिक्याला मात्र असा सेट देऊ नये. सेट घेण्याआधी मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर पूर्ण लिहून घ्यायचा, त्याच्या अक्षरांतून तुकडा कळतो. पेटी उघडायचीही गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट कोडप्लगची, म्हणजे सेटात भरलेल्या चॅनेलांच्या आणि मांडणीच्या फाइलची. बाजारात आलेल्या वापरलेल्या सेटात आधीच्या मालकाच्या सगळ्या फ्रिक्वेन्सी, टोन (आवाजासोबत जाणारा ओळखीचा स्वर), आयडी तसेच असतात. तो मालक बंदर असेल, रिफायनरी असेल, पोलिस दलही असू शकेल. सेट चालू करून "बघू तरी काय ऐकू येतं" हा मोह होतो. तो टाळायचा. सेट टेबलावर आला की आधी डमी लोड (अँटेनाच्या जागी बसणारा, शक्ती जिरवणारा भार) लावायचा, कोडप्लग वाचायचा आणि सगळे जुने चॅनेल पुसून आपले चॅनेल भरायचे. जुना कोडप्लग आठवण म्हणून लॅपटॉपवर ठेवायचा नाही, कुणाला पाठवायचा नाही. या बाबतीत माझं मत कडक आहे. दुसऱ्याच्या चॅनेलवर एकदा जरी पीटीटी (बोलायचं बटण) दाबला गेला तरी आपत्तीच्या वेळी आपण उभे राहतो त्या विश्वासालाच धक्का लागतो.

स्कॅन यादी, आपत्कालीन बटण, दाबल्यावर जाणारा आयडीचा डेटा, दूरून सेट बंद करण्याची सोय, हे सारं बघून बंद करायचं. आपत्कालीन बटण विशेषतः. काही सेट ते दाबलं की आवाज न करता ट्रान्समिट करत राहतात आणि वापरणाऱ्याला कळतही नाही.

स्क्रॅम्बलर आणि एन्क्रिप्शन हा त्यातलाच पण अधिक गंभीर भाग. जुन्या ॲनालॉग सेटांत आवाज उलटा करणारा स्क्रॅम्बलर असतो, डीएमआर या डिजिटल पद्धतीच्या सेटांत बेसिक प्रायव्हसीपासून पुढे पातळ्या असतात. कंपनीला त्यांची गरज असते. हौशी सेवेचा पायाच उघडपणा आहे. दोन देशांतल्या हॅमनी अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक प्रसारण करू नये असं आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि देशांतर्गत बोलतानाही आपण तेच पाळलं पाहिजे. आपला प्रत्येक शब्द सरकारच्या कुठल्याही मॉनिटरिंग केंद्राला ऐकता आला पाहिजे. कुठल्याही चॅनेलवर प्रायव्हसीची खूण राहिलेली नाही हे दोन माणसांनी तपासावं.

चॅनेलची रुंदी आणि टोन यांबद्दल थोडक्यात. आपले ॲनालॉग रिपीटर ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनवर (आवाजासोबत फ्रिक्वेन्सी जेवढी हलते त्यावर) असतील तर सेटही २५ किलोहर्ट्झवर असला पाहिजे. साडेबाराच्या चॅनेलवर ठेवलेला सेट बारीक ऐकू येतो आणि लोक माइकमध्ये ओरडायला लागतात. उलट झालं तर आवाज फाटतो. टोन रिपीटरला लागतो तेवढाच ट्रान्समिटवर टाकावा. रिसीव्हवरही टोन लावून ठेवला तर शेजारी साधं सिम्प्लेक्स (रिपीटरशिवाय थेट) बोलणारा हॅम ऐकू येणार नाही, आणि आपत्तीत नेमका तोच हवा असतो. टाइम-आउट टायमर मात्र चालू ठेवा. सीटच्या फटीत अडकलेल्या एका माइकने अख्खा रिपीटर अडतो.

जीएम३००सारख्या सेटांचं प्रोग्रॅमिंग डॉसवरच्या जुन्या सॉफ्टवेअरने आणि आरआयबी नावाच्या इंटरफेस पेटीने होतं. त्या सॉफ्टवेअरला वेगवान संगणक चालत नाही, त्याची वेळेची गणितं जुन्या प्रोसेसरवर बेतलेली आहेत. नव्या लॅपटॉपवर जबरदस्ती केली आणि लिहिता लिहिता संपर्क तुटला तर सेट कायमचा गप्प होऊ शकतो. प्रत्येक क्लबात एखादा जुना लॅपटॉप केवळ या कामासाठी जपलेला असावा. बॅटरीचं दुखणं तुलनेने सोपं आहे. जुन्या हँडीची बॅटरी गेलेलीच धरून चाला आणि सेल बदलणारा माणूस आधी गाठा.

मोबाइल सेटापासून रिपीटर करणाऱ्यांसाठी मात्र एक सावधगिरी. जीएम३००च्या मागे सोळा पिनांचा ॲक्सेसरी कनेक्टर आहे. त्यावर पीटीटी, स्क्वेल्चचा (सिग्नल आल्याचा) संकेत, ऑडिओ सगळं मिळतं, म्हणून दोन सेट पाठीला पाठ लावून रिपीटर करणं सोपं जातं. पण हा गाडीतला सेट आहे. थोडं बोलायचं आणि बराच वेळ ऐकायचं, असं त्याचं काम धरलेलं असतं. पंचेचाळीस वॅटचा सेट रिपीटरवर पंचेचाळीस वॅटने चालवला तर गणपतीच्या दिवसांत, नेट (ठरल्या वेळी हवेवर भरणारी हॅमची बैठक) भरात असताना, तो तापून मान टाकणार. शक्ती निम्म्याच्याही खाली आणा आणि हीटसिंकवर पंखा बसवा. अँटेना चांगली असली की दहा-पंधरा वॅट पुरतात.

आता तपासणी. पूर्वी स्पेक्ट्रम ॲनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती शक्ती आहे ते दाखवणारं उपकरण) म्हणजे कॉलेजच्या प्रयोगशाळेतली वस्तू होती. आता टायनीएसएसारखं खिशातलं उपकरण एखाद्या क्लबाला सहज परवडतं. पंचवीस वॅट म्हणजे ४४ डीबीएम (एका मिलीवॅटच्या मानाने मोजलेले डेसिबल), आणि अशा उपकरणाची सहनशक्ती १० डीबीएमच्या आसपास संपते. त्यामुळे मध्ये ५० डेसिबलचा, पुरेशी शक्ती झेपणारा ॲटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा जोड) हवाच. तो लावल्यावरही स्क्रीनवर दिसणारा दुसरा हार्मोनिक सेटाचा आहे की उपकरणाने स्वतः तयार केलेला, हे ओळखायला आणखी १० डेसिबल घाला. हार्मोनिक दहानेच उतरला तर तो सेटाचा. वीसने उतरला तर ॲनालायझर ओव्हरलोड झाला होता. ही एवढी एक चाचणी नव्या मुलांसमोर केली तर पुस्तकातलं अख्खं प्रकरण त्यांच्या डोक्यात बसतं. त्याच टेबलावर त्यांच्या जुन्या चिनी हँडीही लावा. कुणाला हिणवायचं कारण नाही, आकडे दिसले की पोरं आपण होऊन ठरवतील.

कागदपत्रांचा विषय अनेकांना कंटाळवाणा वाटतो, तरी तो लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. रेडिओ उपकरण नुसतं बाळगायलाही परवानगी लागते. १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून चालत आलेलं हे तत्त्व २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही आहे. आपल्याकडे हौशी परवाना आहे म्हणून आपण मोकळे आहोत, पण तो परवाना आपल्याला आपल्या बँडसाठी आणि आपल्या नावाने मिळालेला आहे. व्यावसायिक सेट घेताना विकणाऱ्याला तो विकायचा अधिकार आहे का ते बघा. विक्रेत्यांसाठी डीलर पझेशन परवाना असतो, तो मागायला लाजू नका. कंपनीकडून थेट घेत असाल तर त्यांच्या परवान्यातून तो सेट कमी झाल्याचा कागद मागा. सीरियल नंबर खरवडलेला सेट कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. घेतलेल्या सेटाचं मॉडेल आणि सीरियल नंबर मुंबईच्या प्रादेशिक परवाना कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकीच्या बेकायदा विक्रीबद्दल ऑनलाइन बाजारांना नोटिसा काढल्या आणि मार्गदर्शक सूचनाही आणल्या. वातावरण बदलतंय. त्यात आपण स्वच्छ हातांनी उभे असलेलं बरं.

आणि आता या पत्रातली मला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट. प्रोग्रॅमिंग केबल आणि सॉफ्टवेअर असलेल्या हॅमकडे लोक येतात. सोसायटीच्या वॉचमनांसाठी चार सेट करून दे, आमच्या मंडळाच्या मिरवणुकीसाठी दहा कर, ट्रेकिंग ग्रुपसाठी सहा कर, कुठल्याही मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर टाक. माणूस ओळखीचा असतो, कधी नात्यातला असतो, आणि आपण १४५ च्या आसपास एखादा चॅनेल टाकून देतो. मग महिनोन्महिने तिथे इमारतीच्या गेटवरची गाडी लावण्याची चर्चा चालते आणि आपणच नेटवर तक्रार करतो की बँडवर घुसखोर आलेत. परवाना नसलेल्या माणसाच्या हातात हॅम बँडवरचा सेट देणारा हॅम त्या घुसखोरीत वाटेकरी आहे. आंतरराष्ट्रीय व्याख्येतच हौशी सेवा वैयक्तिक उद्देशाने आणि आर्थिक लाभाशिवाय करायची सेवा आहे. वॉचमनची ड्यूटी तिच्यात बसत नाही.

नाही म्हणताना मार्गही दाखवता येतो. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी शक्तीचे, रीतसर मान्यता मिळालेले हँडी भारतात परवान्याशिवाय वापरता येतात. सोसायटी, ट्रेक, छोटी मिरवणूक यांना ते पुष्कळ झाले. मोठ्या कामाला कंपनीने स्वतःचा परवाना घ्यावा. आणि त्या ट्रेकिंग ग्रुपमधल्या दोन-तीन मुलांना परीक्षेला बसवा. सह्याद्रीत रात्री दरीत अडकलेल्या माणसाला शोधायला जाणाऱ्यांत परवानाधारक हॅम असणं किती उपयोगी पडेल, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

म्हणून माझी विनंती आहे की प्रत्येक क्लबाने जूनच्या आत एक रविवार या कामासाठी काढावा. डमी लोड, ॲटेन्युएटर, ॲनालायझर, पॉवर मीटर आणि जुना लॅपटॉप एवढं टेबलावर असलं की सुरुवात होते. सभासदांकडे कपाटात पडून असलेले व्यावसायिक सेट मागवा. तुकडा तपासा, कोडप्लग पुसा, सगळ्यांच्या सेटांत एकच चॅनेल क्रम भरा: पहिला स्थानिक रिपीटर, दुसरा शेजारच्या जिल्ह्याचा, तिसरा सिम्प्लेक्स, आणि पुढचे तुमच्या भागाप्रमाणे. क्रम एकच असला की पुराच्या रात्री "चॅनेल तीनवर या" एवढंच सांगावं लागतं, मग सेट पुण्याच्या क्लबाचा असो की रत्नागिरीच्या. हा समान क्रम ठरवायला क्लबांच्या चिटणीसांनी आपसात एकदा नेटवर बसावं, एवढं झालं तरी मोठं काम होईल. जे सेट तपासणीत बसले नाहीत त्यांची नोंद करून ते सुट्या भागांसाठी ठेवा, कुणाच्या आग्रहाखातर परत वापरात आणू नका.

ज्या क्लबाकडे आरआयबी किंवा जुन्या मोटोरोलाच्या केबली नाहीत, त्यांना माझ्याकडच्या हव्या तितके दिवस वापरायला मिळतील. या सेटांच्या मिनी-यूएचएफ अँटेना-कनेक्टरचे ॲडॉप्टरही आहेत. सकाळच्या नेटवर सांगा, मी स्वतः घेऊन येईन.

कळावे, लोभ असावा. ७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा).

आपला,
पुण्यातला एक व्हीयू२ हॅम